वेण्णेतली खवली आणि काचेची पेटी

१९५३ साली ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात महाबळेश्वर आणि वाई इथल्या माशांवर एक टिपण छापून आलं. लिहिणारे होते ई. जी. सायलस. वेण्णा नदीच्या वरच्या अंगाला सापडलेली, जेमतेम बोटाएवढी, अंगावर काळसर डाग असलेली एक खवली त्यांनी त्याच वर्षी शास्त्राला नवी म्हणून नोंदवली आणि तिचं नाव ठेवलं ‘पुंटियस सह्याद्रिएन्सिस’. सायलस पुढे समुद्राकडे वळले, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे संचालक झाले. खवली मात्र वेगळ्याच वाटेनं गेली. घरात मासे पाळणाऱ्यांच्या जगात ती ‘महाराजा बार्ब’ झाली. वेण्णेच्या काठावर ती अजून खवलीच आहे; ओंजळभर मिळाली तर कालवणात जाते, एखाददुसरी मिळाली तर पोरांच्या बाटलीत.

कंदी पेढे, हळद आणि बेदाणे यांच्यापुढे सातारा-सांगलीची ओळख फारशी जात नाही. पण इथल्या ओढ्यांतून, डोहांतून आणि सड्यावरच्या डबक्यांतून गेल्या दोनशे वर्षांत काय काय उचललं गेलं आणि ते कुठल्या भांड्यात ठेवलं गेलं, हाही एक इतिहासच आहे. आधी स्पिरिटची बरणी होती, मग काचेची पेटी आली, मग हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी. भांडी बदलली, गोळा करणारे साहेब बदलले. पाण्यात प्रत्यक्ष उतरणारा माणूस बहुतेक वेळा भोई, कोळी किंवा गुरं राखणारं पोर असे, आणि त्याचं नाव कुठल्याही कागदावर नाही.

कागदाची सुरुवात विल्यम हेन्री साइक्सपासून होते. कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी १८१७च्या खडकीच्या लढाईत पेशव्यांविरुद्ध लढला होता. १८२४ साली मुंबई सरकारनं त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती जमवायच्या कामावर नेमलं. पीक, पाऊस, लोकसंख्या, बाजारभाव हे त्याचं काम. पण साइक्स जिथे तळ ठोकी तिथले पक्षी, प्राणी आणि मासेही टिपून ठेवी. १८३१ मध्ये तो विलायतेला परतला आणि पुढे लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे त्यानं दख्खनच्या माशांवर निबंध वाचला. भीमा आणि कृष्णा खोऱ्यातल्या कितीतरी माशांच्या शास्त्रीय नावापुढे आजही ‘साइक्स, १८३९’ अशी मोहर लागते ती त्यामुळे. खुदरी, शिंगटी, कोळस, मुसळा, अळकुटी ही इथली बोलीतली नावं त्यानं लॅटिनच्या पंगतीत जशीच्या तशी बसवली. म्हणजे नदीकाठच्या मच्छीमाराला तो विचारत होता, ऐकत होता आणि ऐकलेलं लिहीत होता. त्या काळच्या साहेबांत ही सवय सरसकट नव्हती.

मच्छीमारांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. उन्हाळ्यात नदी तुटून तिचे डोह होतात, तेव्हा कुठल्या डोहात मरळ दबा धरून असते, वाम कुठल्या कपारीत शिरते, दगड उलटला की मुऱ्या कुठल्या दिशेला पळतात, हे पिढीजात ज्ञान होतं. मृगाचा पाऊस पडला की ओढ्यांना लाल पाणी येतं आणि मासे अंडी घालायला वर चढतात. हे चढणीचे मासे धरायला सारं गाव बुट्ट्या, जाळी आणि जुनेर घेऊन ओढ्यावर लोटतं. घाटमाथ्याच्या रानात रामेठ्यासारख्या झुडपाची साल ठेचून डोहात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे, हीही जुनी युक्ती. पाण्यात विष किंवा सुरुंगाची दारू टाकून मासे मारण्यावर बंदी घालणारा कायदा १८९७ साली आला, यावरून ती किती सर्रास चालत असावी याचा अंदाज येतो.

मासा मारण्यासाठी धरणं आणि पाळण्यासाठी धरणं यांत मात्र गावाला फरक कळत होता. काचेची पेटी इकडे कुणी पाहिलीही नव्हती तेव्हा मासा पाळायची जागा म्हणजे विहीर. नवी विहीर खोदली, पाणी लागलं की नदीतले चार मासे आणि जमलं तर एखादं कासव आणून सोडायचं. डासांच्या अळ्या ते खातात आणि मासा जिवंत आहे म्हणजे पाणी पिण्याजोगं आहे, हा साधा हिशेब. दुसरी तऱ्हा देवाच्या माशांची. घाट उतरून महाडकडे गेलं की वाळण कोंडीतले महसीर देवीचे म्हणून कुणी मारत नाही; भाविक त्यांना कुरमुरे आणि फुटाणे घालतात आणि हातभर लांबीचे मासे पायऱ्यांपाशी येतात. मासा न्याहाळायचा, पण उचलायचा नाही. छंद म्हणावा तर हा सगळ्यात स्वस्त आणि निर्धोक छंद.

साइक्सनंतर गोळा करणाऱ्यांची रांगच लागली. फौजेतले सर्जन फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतातल्या माशांवरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याचे कर्नल एव्हेझार्ड त्यांना इकडचे मासे पाठवत; ओढ्यातल्या एका चिमुकल्या मुरीला डे यांनी त्यांचंच नाव दिलं. १९१२च्या सुमारास कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे एफ. एच. ग्रेव्हली वेण्णा आणि कोयना खोऱ्यांत उतरले, मेढ्याजवळ दगड उलटे-पालटे करत फिरले. त्यांच्या आणि इतरांच्या संग्रहांवर नेल्सन अॅनंडेल यांनी १९१९ साली मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर लिहिलं. हे अॅनंडेल म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. मोठ्या नद्या सोडून गुडघाभर पाण्याच्या ओढ्यांकडे कुणी शास्त्रज्ञ गंभीरपणे पाहतो, ही त्या काळी नवी गोष्ट होती. सह्याद्रीतलं खरं वैविध्य त्या गुडघाभर पाण्यातच आहे. दगडाला चिकटून राहणाऱ्या, प्रवाहाच्या धारेत पोहणाऱ्या इथल्या माशांच्या कितीतरी जाती दुसरीकडे कुठे सापडत नाहीत.

हे सगळे मासे स्पिरिटमध्ये गेले. जिवंत मासा घरात ठेवायची हौस वेगळीकडून आली. १८५०च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञानं लंडनमध्ये दाखवून दिलं की भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी यांचं प्रमाण जमलं तर पाणी न बदलता ते टिकतं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं मत्स्यालय उघडलं, पुढच्याच वर्षी फिलिप गॉसचं पुस्तक आलं आणि विलायतेत घराघरात काचेच्या पेट्या दिसू लागल्या. आपल्याकडे ही हवा पसरायला शंभर वर्षं जावी लागली. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तारापोरवाला मत्स्यालयाचं उद्घाटन झालं. शाळांच्या सहली मुंबईला जायच्या, त्यात राणीच्या बागेइतकंच तारापोरवाला ठरलेलं. काचेआडचा मासा अनेकांनी पहिल्यांदा पाहिला तो तिथे.

घरी आल्यावर पेटी हवीच. लोखंडी अँगलची चौकट, त्यात पुट्टीनं बसवलेल्या काचा, महिन्याभरात कुठून तरी झिरपणारं पाणी आणि आईची बोलणी, असा तो जमाना. सिलिकॉन नंतर आलं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेला गोल्डफिश प्रवासातच दगावायचा. मग उरायचा ओढा. खवल्या, डोकऱ्या मरळीची पिल्लं, काचेसारखे आरपार दिसणारे चांदे, पाटाच्या कडेचं शेवाळ, एवढ्यावर पेटी सजायची. शहाण्या मुलाला दोन दिवसांत कळायचं की मरळीचं पिल्लू बाकीच्यांना खातं.

वनस्पतींची कथा जास्त अवघड आणि जास्त सुंदर आहे. कास, पाचगणी, पाटणकडचे सडे हे जांभ्याचे. मातीचा थर बोटभर, पाऊस धो धो. खडकाच्या खळग्यांत साचलेल्या पावसाच्या पाण्यात चार महिन्यांचा संसार मांडणाऱ्या वनस्पती इथे आहेत. कासच्या तळ्यातली कुमुदिनी सगळ्यांना माहीत; पांढऱ्या गुंड्यांसारखी फुलं मिरवणारे गेंद आणि निळीजांभळी ‘सीतेची आसवं’ पर्यटक पायदळी तुडवत नाहीत तोवर दिसतात. पाचगणीच्या टेबललँडवरून तर गवताच्या जुडीसारखी दिसणारी, फूल नसलेली ‘आयसोएटिस’ची एक जात नोंदली गेली आणि तिला पाचगणीचंच नाव मिळालं.

या साऱ्यांत सातारचा मानाचा तुरा म्हणजे वायतुरा. कंदातून जूनमध्ये फुटणारी, पाण्यावर दुहेरी फाट्याचा फुलोरा उभारणारी ही पाणवनस्पती १९८२ साली सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या तिघांनी नवी जात म्हणून प्रसिद्ध केली: ‘अॅपोनोजेटॉन सातारेन्सिस’. तिघांतले यादव म्हणजे पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात नावाजलेले वनस्पतिशास्त्रज्ञ श्रीरंग यादव. तीनच वर्षांनी त्यांनी कोकणातून याच कुळातली आणखी एक जात नोंदवली आणि तिला ‘ब्रुगेनी’ हे नाव दिलं. हे नाव डच अभ्यासक एच. डब्ल्यू. ई. व्हान ब्रुगेन यांचं. जगभरच्या अॅपोनोजेटॉनवर त्यांनी १९८५ साली समग्र प्रबंध काढला. या कुळाचं वेड मत्स्यपेटीवाल्यांना फार. मादागास्करची जाळीदार पानांची जात आणि श्रीलंकेची कुरळ्या पानांची जात युरोपातल्या पेट्यांत कधीच स्थिरावली होती. सातारचा तुरा त्या मानानं वाचला.

वाचला तो त्याच्या स्वभावामुळे. सड्यावरचं पाणी म्हणजे निव्वळ पावसाचं पाणी. त्यात क्षार नाममात्र. सांगली-मिरजेच्या बोअरचं पाणी जड, खारट. गेंदाची जुडी त्यात आठवड्याभरात तपकिरी पडते. वायतुऱ्याचा कंद तर दिवाळीनंतर झोपतो आणि त्याला झोपायला कोरडी, तापलेली जागा लागते. बारा महिने पाण्यात ठेवला की कुजतो. तीच गत मुऱ्यांची. त्यांना थंड, खळाळतं, हवेनं भरलेलं पाणी लागतं. सांगलीच्या चाळीस अंशांच्या वैशाखात काचेच्या साचलेल्या पाण्यात त्या तोंड वर काढून तडफडतात. सड्यावरून किंवा धबधब्याखालून उचललेल्या जिवांपैकी बहुतेक घरी मरतात, हे छंदातले जाणते लोक खासगीत कबूल करतात.

तरीही मागणी वाढली, आणि त्याला जपानचे ताकाशी अमानो कारण झाले. १९९०च्या दशकात त्यांनी पेटीत माशांपेक्षा वनस्पतींना मान दिला. दगड, लाकूड आणि हिरवळ मांडून पाण्याखाली डोंगरदऱ्या उभ्या केल्या. जगभर त्याची लाट आली. रोटाला, गेंद, ब्लिक्सा यांना सोन्याचा भाव आला. या कुळांतल्या जाती सह्याद्रीच्या पाणथळीत आणि भातखाचरांत उगवतात. शेतकरी त्यांना तण म्हणून उपटतो.

माशांच्या बाबतीत खरा घाव बसला तो झेब्रा लोचला. पिवळसर अंगावर काळेनिळे बारीक पट्टे असलेली ही मुरी, ‘बोटिया स्ट्रायाटा’, बंगळुरूचे सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतून नोंदवली. तुंगा, म्हणजे कृष्णेचंच खोरं. पेटीत नकोशा झालेल्या गोगलगायी ही मुरी फस्त करते, म्हणून परदेशात तिला मोठी मागणी. राजीव राघवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ ते २०१२ या काळात गोड्या पाण्यातल्या ३० संकटग्रस्त जातींचे १५ लाखांहून जास्त मासे भारतातून शोभेसाठी बाहेर गेले, असं त्यातून पुढे आलं. त्यात झेब्रा लोचचा वाटा मोठा होता. आंतरराष्ट्रीय यादीत ती आज धोक्यात असलेली म्हणून नोंदलेली आहे. या व्यापारातले बहुतेक मासे नदीतून धरलेले.

एका माशावर मात्र कुणी व्यापारी नजर टाकली नाही. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली कृष्णेच्या खोऱ्यातला ‘खवलचोर’ शास्त्रात आणला. हा शिंगटीच्या नात्यातला छोटा मासा दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. पेटीत ठेवला तर आठ दिवसांत महाराजाचाही फकीर करेल.

आता हिशेब सरळ मांडायचा तर नदीला मारलं कुणी? बाटली घेऊन ओढ्यात उतरणाऱ्या पोरानं नक्कीच नाही. १९६४ साली कोयना धरण पूर्ण झालं, मग धोम, कण्हेर, चांदोली. खळाळतं पाणी गेलं आणि साचलेलं आलं. धरणांत उत्पन्नासाठी रोहू-कटला सोडले गेले. चिलापी आपोआप पसरली. खाली सांगलीकडे कृष्णेत मळीचं पाणी मिसळलं की अंकलीपर्यंत मेलेल्या माशांचे खच लागतात, हे तिथल्या वर्तमानपत्रांत दर एक-दोन वर्षांनी येतं. नदीपात्रात केंदाळ माजतं. ही जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. फुलाच्या शोभेसाठीच जगभर नेली गेलेली, म्हणजे हौसेनं आणलेली पाणवनस्पतीच. वाईजवळच्या कृष्णेतल्या माशांची यादी संजय खरात, मंदार पैंगणकर आणि नीलेश दहाणूकर यांनी २०१२ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी सुनील भोईटे, श्रीकांत जाधव आणि दहाणूकर यांनी कृष्णेच्या या वरच्या खोऱ्यातून दगडाला चिकटणाऱ्या मुरीची एक नवी जात नोंदवली. साइक्सनंतर पावणेदोनशे वर्षांनीही नवे मासे सापडताहेत आणि त्यांचे ओढे त्याहून वेगानं आटताहेत.

म्हणून छंदिष्टाची सुटका होते असंही नाही. एकाच ओढ्यात राहणाऱ्या जातीला एक पिशवीही जड पडते. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या झऱ्यात २०२० साली सोनेरी झाक असलेली एक मुरी सापडली. छंदवाल्यांच्या नजरा वळायच्या आत, २०२१ मध्ये, राज्य सरकारनं ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. हे शहाणपण दुर्मीळ. १९७२चा वन्यजीव कायदा आला तेव्हा त्याच्या याद्यांत एकही मासा नव्हता. बत्तीस शिराळ्यात नागपंचमीला नाग पकडायची पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा याच कायद्यानं थांबवली. ओढ्यातल्या माशाकडे तो कायदा बराच काळ वळला नाही. कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून त्या दोन्हींचा मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प यांच्या हद्दीत मात्र पानही उचलता येत नाही. २०१२ साली कास जागतिक वारसा यादीत गेलं. आता तिथे पहारा आहे, तिकीट आहे आणि स्थानिक गावांची समितीही. सड्याबाहेरचा, कुंपण नसलेला ओढा तसाच उघडा.

उलट दिशेची वाहतूक तर आणखी वाईट. आरोग्य केंद्राच्या हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी वाढवलेले गप्पी मासे गावोगाव वाटले जातात; ते डबक्यातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत गेले. पेटीची काच चाटून स्वच्छ ठेवणारा दक्षिण अमेरिकेतला सकर मासा हातभर वाढला, पेटीत मावेना, म्हणून लोकांनी दयेपोटी नदीत सोडला. उजनीच्या जलाशयात तो आज मच्छीमारांच्या जाळ्यात किलोवारी येतो. त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही आणि त्याचे काटे नायलॉनचं जाळं फाडतात.

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी सड्यावरचा वायतुरा आणि धबधब्याखालची मुरी जागीच राहू द्यावी. शेततळ्यातलं किंवा पाटाच्या कडेचं शेवाळ आणावं; ते भरपूर आहे आणि जड पाण्यातही टिकतं. मासा नकोसा झाला तर दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्यावा. हरिपूरच्या संगमावर तो सोडण्यात पुण्य नाही. वारणेच्या आणि कृष्णेच्या भोयांना त्याचा भुर्दंड आधीच पडतो आहे.